टीव्हीवर सिनेमा: काळ्या पट्ट्या ठेवायच्या की पडदा भरून बघायचा?

मनमौजी_नाशिक | शनिवार, २१:४०

दिवाळीत जुना २१ इंची डबा काढून टाकला आणि ४३ इंची टीव्ही घेतला. टीव्ही झकास आहे, पण तेव्हापासून घरात एक कायमचं भांडण सुरू झालंय. कुठलाही नवा सिनेमा लावला की वर-खाली काळ्या पट्ट्या. बाबा म्हणतात, "पैसे ४३ इंचांचे घेतले आणि दाखवतायत ३० इंच." मग रिमोट घेऊन पिक्चर साइझमध्ये जातात, 'झूम' करतात, पडदा भरतो, स्वारी खूश. तेवढ्यात धाकटा भाऊ येतो आणि परत 'ओरिजिनल' करून ठेवतो. जुना कृष्णधवल सिनेमा लावला की पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूला. तिथे आईचा आग्रह असतो ताणून भरायचा. मग सगळ्या नट्या एकदम गुटगुटीत.

हा टीव्ही वाइडस्क्रीन आहे ना? मग वाइडस्क्रीन सिनेमाला पट्ट्या कशाला? झूम केल्यावर नक्की काय जातं? आणि हे लोक सगळे सिनेमे एकाच मापात का काढत नाहीत?

कट्ट्यावरचा_बंड्या | शनिवार, २१:५२

बाबांना माझा पाठिंबा. झूम करा, मजा करा. दिग्दर्शक काय रिमोट हिसकावायला घरी येत नाही.

पिक्सेलपंत | शनिवार, २२:३०

आधी हिशोब करू, मग भांडू.

तुमचा टीव्ही १६:९ आहे, म्हणजे रुंदी उंचीच्या १.७८ पट. ४३ इंच हे माप कर्णाचं. प्रत्यक्षात रुंदी साधारण साडेसदतीस इंच आणि उंची २१. आपल्याकडचे बरेचसे नवे सिनेमे 'स्कोप'मध्ये असतात, त्यांचं प्रमाण २.३९:१ (जुन्या सवयीने सगळे २.३५ म्हणतात). साडेसदतीस इंच रुंदीत ते बसवलं की उंची होते पावणेसोळा इंच. उरलेल्या सव्वापाच इंचांच्या दोन पट्ट्या. राहिलेल्या चित्राचा कर्ण मोजलात तर जवळपास ४१ इंच भरतो, तेव्हा ३० इंच हा बाबांचा आरोप मान्य नाही.

झूम केलं की टीव्ही चित्र मोठं करून उंची भरून काढतो. त्या उंचीला पूर्ण चित्र दिसायला ५० इंच रुंद टीव्ही लागेल. तुमच्याकडे साडेसदतीस आहेत. म्हणजे दोन्ही बाजूंचं मिळून चित्र पाव हिश्शाने कमी झालं. लग्नाच्या ग्रुप फोटोतून दोन्ही टोकांचे मामा कापून टाकायचे आणि फ्रेम भरली म्हणून खूश व्हायचं, त्यातला प्रकार.

आईंच्या बाबतीत उलटं. जुना सिनेमा ४:३ च्या आसपास, तो तुमच्या टीव्हीवर २८ इंच रुंद दिसतो. ताणला की प्रत्येक माणूस ३३ टक्के जाड होतो. झूम केला तर वरून-खालून मिळून पाव भाग जातो.

गोदाकाठ | शनिवार, २३:०५

पंतांनी गणित दिलंच आहे, मी इतिहास देतो. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

एके काळी सगळे सिनेमे खरोखरच एका मापात होते. ३५ मिमीच्या फिल्मवर चार छिद्रांच्या उंचीची चौकट, प्रमाण १.३३. बोलपट आल्यावर कडेला ध्वनिपट्टीला जागा द्यावी लागली, मग हॉलिवूडच्या अकादमीने १९३२ मध्ये १.३७ ठरवलं. पुढे टीव्ही आला, त्याने सिनेमाचंच माप उचललं, ४:३. तिथपर्यंत सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं.

मग अमेरिकेत लोक घरी बसून टीव्ही बघायला लागले आणि थिएटरं ओस पडायला लागली. घरच्या डब्यात मावणारच नाही असं काहीतरी दाखवायला हवं, म्हणून १९५२ मध्ये सिनेरामा आला. तीन प्रोजेक्टर, एक वळणदार पडदा. खर्चाचं आणि कटकटीचं काम. दुसऱ्याच वर्षी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने 'द रोब' आणला, सिनेमास्कोपमधला पहिला चित्रपट. त्यातली खुबी भिंगात होती. आंरी क्रेतियँ या फ्रेंच माणसाने १९२० च्या दशकातच हे भिंग तयार केलं होतं. चित्र आडवं दाबून नेहमीच्याच फिल्मवर बसवायचं आणि थिएटरात तशाच भिंगाने पुन्हा पसरवायचं.

थोडक्यात, टीव्हीवर बसू नये म्हणूनच तर हा आकार काढला. आता तो टीव्हीवर बसत नाही म्हणून आपण ७० वर्षांनी तक्रार करतोय.

आपल्याकडे पहिला सिनेमास्कोप म्हणजे गुरुदत्तचा 'कागज़ के फूल', १९५९. छायाचित्रण व्ही. के. मूर्तींचं. रिकाम्या स्टुडिओत वरून येणारा तो उन्हाचा झोत आठवा. मोठे आरसे लावून खरं ऊन आत घेतलं होतं. गुरुदत्त आणि वहिदा एकमेकांपासून लांब उभे, मधे सगळी रिकामी जागा. तो प्रसंग चौकोनी टीव्हीवर भरून दाखवायचा तर तो तरी दाखवा, ती तरी दाखवा. मधल्या रिकाम्या जागेचं तर नावच नको.

रीळवाला | रविवार, ०७:१५

गोदाकाठ यांनी भिंगाचा विषय काढलाच आहे तर दोन शब्द. मी सातारा जिल्ह्यातल्या एका टॉकीजमध्ये बरीच वर्षं ऑपरेटर होतो. टॉकीज आता नाही, तिथे मंगल कार्यालय झालंय.

स्कोपच्या प्रिंटची फिल्म हातात धरून उजेडात बघितली तर त्यावर सगळी माणसं काठीसारखी उभट दिसायची. प्रोजेक्टरच्या पुढे स्कोप लेन्स लावली की पडद्यावर ती दुप्पट पसरायची आणि माणसात यायची. आधी फिल्म्स डिव्हिजनचं रीळ दाखवावंच लागायचं, ते फ्लॅट असायचं, साध्या चौकटीचं. ते संपलं की लेन्स बदलायची, गेटमधली (प्रोजेक्टरमधल्या ज्या खिडकीसमोरून फिल्म सरकते तिथली) पट्टी बदलायची आणि बाजूचे पडदे सरकवून आणखी उघडायचे. ते पडदे सरकायला लागले की पब्लिक शिट्ट्या मारायचं, पिक्चर सुरू व्हायच्याही आधी. गडबडीत एखाद्याने लेन्स लावली नाही तर हीरो, हिरॉइन, घोडा, सगळे उंच आणि बारीक. मग खालून जे शब्द ऐकायला मिळायचे ते इथे लिहिता येणार नाहीत.

हे एवढ्याचसाठी सांगतो की थिएटरातही पडद्याचा काही भाग रिकामाच असायचा. तो मखमलीने झाकलेला असायचा म्हणून कुणाच्या डोळ्यांवर येत नव्हता. तुमच्या टीव्हीला ती मखमल नाही.

मनमौजी_नाशिक | रविवार, ०९:२०

रीळवाला काका, भारीच. आणखी लिहा ना. बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते म्हणाले, "मग कंपनीने मखमल द्यायला पाहिजे होती."

शर्वरी_एनजे | रविवार, ०९:४८

इकडे अमेरिकेत हे भांडण डीव्हीडीच्या काळात दुकानांत आणि लायब्ररीत चालायचं. एकाच सिनेमाच्या दोन डीव्हीडी मिळायच्या, एक वाइडस्क्रीन आणि एक फुल स्क्रीन. कव्हर सारखंच, फक्त वरच्या कडेला एक बारीक पट्टी वेगळी. घाईत हमखास चुकीची उचलली जायची. फुल स्क्रीनवाली लावली की सुरुवातीला सूचना यायची की हा चित्रपट मूळ आवृत्तीपेक्षा वेगळा केलेला असून तुमच्या पडद्यावर बसेल असा केला आहे. किती गोड शब्दांत सांगायचे! स्कोपच्या चित्राचा ४३ टक्के भाग काढून टाकला की मगच ते ४:३ मध्ये बसतं.

याला 'पॅन अँड स्कॅन' म्हणत. स्टुडिओत एक माणूस बसून ठरवायचा की या क्षणी चौकोनात चित्राचा कुठला भाग घ्यायचा. डावीकडचा बोलतोय, डावीकडे जा. उजवीकडचीने उत्तर दिलं, उजवीकडे सरका. मूळ सिनेमात कॅमेरा ढिम्म उभा असायचा आणि दोघं एकाच चौकटीत असायची. टीव्हीवर मात्र कॅमेरा हलतोय, नाहीतर मधे कट. म्हणजे नुसतं चित्र कापलेलं नव्हतं, त्या प्रसंगाचं संकलनच कुणीतरी तिसऱ्याने नव्याने केलेलं असायचं. ज्या माणसाची प्रतिक्रिया आपण बघायची, तोच चौकटीबाहेर.

दिग्दर्शक वूडी ॲलनने 'मॅनहॅटन' व्हिडिओवर येताना हट्ट धरला होता की पट्ट्यांसकटच निघेल. सिडनी पोलॅक तर आपल्या सिनेमाच्या अशा प्रतीवरून डेन्मार्कमध्ये कोर्टात गेला होता. पिक्सारने 'अ बग्ज लाइफ'च्या वेळी वेगळीच वाट काढली. सिनेमा कॉम्प्युटरमध्येच बनलेला, त्यामुळे फुल स्क्रीन आवृत्तीसाठी त्यांनी काही ठिकाणी पात्रं चक्क जवळ आणून चित्र नव्याने तयार केलं. ते फक्त ॲनिमेशनलाच जमणार. हाडामांसाच्या नटांना कोण सरकवणार?

कट्ट्यावरचा_बंड्या | रविवार, ११:१०

सगळं मान्य. पण एक सांगा, २१ इंची टीव्हीवर त्या पट्ट्या ठेवून बघायला तुम्ही होतात का कुणी? डबा १३ इंचसुद्धा उंच नाही, त्यात स्कोपचं चित्र पट्ट्यांसकट ठेवलं तर जेमतेम ७ इंच. रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर पिक्चर लागला की आमच्या खोलीत अर्धी चाळ यायची. मागे दाराशी उभ्या असलेल्या काकूंना ७ इंचांत कोण कपूर आणि कोण खन्ना, काय कळणार होतं? तेव्हा भरलेला पडदाच बरोबर होता. कलेची सेवा मोठा टीव्ही आल्यावर सुचते.

आणि ती गंमत आठवते का? पाट्या पडत असायच्या तोपर्यंत सगळे उंच आणि सडपातळ. दिग्दर्शकाचं नाव येऊन गेलं रे गेलं की सगळे अचानक अंगाने भरायचे.

पिक्सेलपंत | रविवार, ११:४५

बंड्याभाऊ, आज पहिल्यांदा तुमच्याशी सहमत. तेव्हाच्या टीव्हीचा आकार आणि रेषा दोन्ही कमी होत्या. आपल्याकडच्या तेव्हाच्या टीव्ही प्रक्षेपणाच्या पॅल पद्धतीत चित्राला वापरात येणाऱ्या रेषाच ५७६. पट्ट्या ठेवल्या की स्कोपच्या वाट्याला सव्वातीनशे. व्हीसीडीवर तर उभ्या २८८ च ठिपके असत, त्यात पट्ट्या आल्या की उरतात दीडशे-एकशेसाठ. माणसाचं नाक शोधावं लागायचं.

पाट्यांच्या वेळी सगळे सडपातळ का? पूर्ण रुंदीतली नावं कापली तर 'निर्माता'चा 'र्मा' राहील. म्हणून पाट्या संपेपर्यंत दाबलेलं चित्र तसंच दाखवायचे आणि मग कापलेल्या चित्रावर जायचे.

पण आज ती अडचण उरलेली नाही. ४३ इंचांवर पट्ट्या ठेवूनही चित्र पावणेसोळा इंच उंच आहे. तुमच्या डब्याच्या पूर्ण काचेपेक्षा मोठं.

तिरकस | रविवार, १३:३०

मग १६:९ हे माप कोणी काढलं? ना धड जुन्या सिनेमाचं, ना धड नव्या. दोघांनाही पट्ट्या.

पिक्सेलपंत | रविवार, १४:०२

तीच तर त्यातली मेख. १९८० च्या दशकात एचडी टीव्हीचं माप ठरवायचं होतं. अमेरिकेतल्या सिनेमा आणि टीव्ही अभियंत्यांच्या संस्थेच्या कामात केर्न्स पॉवर्स नावाचे अभियंते होते. त्यांनी प्रचलित मापांचे सगळे आयत, १.३३ पासून २.३५ पर्यंत, सारख्या क्षेत्रफळाचे कापले आणि मध्य जुळवून एकमेकांवर ठेवले. सगळ्यांना पोटात घेणारी बाहेरची चौकट निघाली १.७७ च्या आसपास आणि सगळ्यांच्या आत मावणारी चौकटही त्याच प्रमाणाची. १.३३ गुणिले २.३५ करून वर्गमूळ काढा, तेच येतं. ते झालं १६:९.

म्हणजे कुठल्याच सिनेमाचं हे मुळात आवडतं माप नव्हतं. ४:३ वाल्याची २५ टक्के काच रिकामी, स्कोपवाल्याचीही २५ टक्के. वाटणी अगदी न्यायाने झालीय, म्हणूनच दोघंही नाराज.

२००९ मध्ये फिलिप्सने खास सिनेमासाठी २१:९ चा टीव्ही काढला होता. स्कोप सिनेमा काठोकाठ बसायचा. पण बातम्या, मालिका, क्रिकेट लावलं की बाजूला पट्ट्या. तीन-चार वर्षांत गाशा गुंडाळला.

मीनल_के | रविवार, १६:२०

एक शंका. फुल स्क्रीन म्हणजे कायम कापलेलंच असतं का? मी 'टायटॅनिक'च्या दोन्ही प्रती बघितल्यात. चौकोनी प्रतीत काही दृश्यांत वर आकाश आणि खाली डेक जास्तच दिसतं.

रीळवाला | रविवार, १८:४०

बरोबर बघितलंत ताई. सगळे रुंद सिनेमे दाबणाऱ्या भिंगाने काढलेले नसतात. पुष्कळांचं शूटिंग साध्या चौकटीतच होतं. कॅमेऱ्याच्या काचेवर रेघा आखलेल्या असतात, त्या रेघांच्या आत जे येईल तेच थिएटरात दिसणार, हे धरून मांडणी करायची. वरचा-खालचा भाग फिल्मवर असतो, पण आम्ही गेटमध्ये पट्टी घालून तो झाकायचो. टीव्हीसाठी प्रत काढताना ते झाकण काढलं की जास्त दिसतं. 'टायटॅनिक'चंही शूटिंग असंच साध्या चौकटीत झालं होतं.

जास्त दिसतं म्हणजे काय दिसतं? कधी आकाश, कधी वरून डोकावणारा माइक. माझ्या हातून एकदोनदा पट्टी बसवताना फ्रेम वर-खाली झाली आणि माइक पडद्यावर आला. लोकांना वाटलं सीनमध्येच काहीतरी आहे.

'शोले'चं तेच. लोक म्हणतात ७० मिमी, आणि मुंबईत मिनर्व्हा टॉकीजमध्ये ७० मिमीच लागला होता. पण शूटिंग झालं ३५ मिमीवर. छायालेखक द्वारका दिवेचांनी चौकटीत खुणा करून ठेवल्या होत्या, त्यानुसार पुढे लंडनमध्ये मोठ्या फिल्मवर प्रिंट निघाल्या. २.२:१ चं माप, सहा ट्रॅकचा आवाज. आमच्यासारख्या टॉकीजकडे ७० मिमीची यंत्रणा नव्हती, आम्ही ३५ चीच प्रिंट चालवली. टीव्हीवर जो चौकोनी 'शोले' बघत आपण मोठे झालो, त्यात मिनर्व्हावाल्यांपेक्षा आकाश आणि खडक जास्त दिसले.

कट्ट्यावरचा_बंड्या | रविवार, १८:५५

म्हणजे मिनर्व्हाच्या पब्लिकपेक्षा आमच्या चाळीने 'शोले' जास्त बघितला! जिंकलो.

गोदाकाठ | रविवार, १९:३०

बंड्या, जास्त दिसलं म्हणजे बरोबर दिसलं असं नाही. गब्बर खडकावर येरझाऱ्या घालतो तेव्हा त्याच्या डोक्यावर किती आकाश ठेवायचं, हा कुणीतरी विचार करून घेतलेला निर्णय आहे. वर हातभर आकाश वाढलं की त्याचा दरारा तेवढा कमी होतो. २०२५ मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या पुढाकाराने दुरुस्त केलेली जी प्रत इटलीत बोलोन्याला दाखवली, ती पुन्हा २.२:१ मध्येच ठेवली, ते त्याचसाठी.

हा सगळा वाद लोक "किती दिसतं" यावर घालतात. प्रश्न चौकटीची कड कुठे आखली होती हा आहे. मग त्यासाठी पट्ट्या वर येवोत की बाजूला.

तिरकस | रविवार, १९:४१

आणि दिग्दर्शकानेच नंतर मत बदललं तर?

गोदाकाठ | रविवार, १९:५०

मग त्याचं त्याने बघावं. बाबांनी रिमोटने बदलणं वेगळं. :)

आजीची_नात | रविवार, २१:१५

तुम्ही सगळे स्कोपवर बोलताय. मला जास्त राग येतो तो उलट्या प्रकाराचा, आणि त्याच्यावर कोणी फारसं बोलत नाही.

आमची आजी ८४ वर्षांची. दुपारी जुने मराठी सिनेमे लावून बसते. हल्ली काही वाहिन्यांवर आणि यूट्यूबवरच्या कित्येक प्रतींमध्ये जुना चौकोनी सिनेमा १६:९ भरावा म्हणून वरून-खालून कापून चढवलेला असतो. आपण टीव्हीवर काही करू शकत नाही, मुळातच कापलेला. वर पुन्हा 'एचडी' असं मोठ्या अक्षरांत.

तमाशापटात याने काय होतं बघा. लावणीत कॅमेरा मागे जातो, बाई डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत येते, कारण चाळ बांधलेले पाय हाच तर मुद्दा. खालचा भाग कापला की पाय गेले. नुसता चाळांचा आवाज येतोय आणि बाई कमरेपासून वर नाचतेय. 'सांगत्ये ऐका' १९५९ चा, पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला म्हणतात. १३१ आठवडे लोक काय अर्धी जयश्री गडकर बघायला जात होते?

आजी म्हणाली, "ह्यांनी हिचे पाय का गं कापले?" तिला आस्पेक्ट रेशो (रुंदी-उंचीचं प्रमाण) माहीत नाही, पण दिसतं सगळं.

गोदाकाठ | रविवार, २१:४०

+१०००. हा खरा मुद्दा आहे. स्कोपचा सिनेमा कापला तर लोक आता ओरडतात. प्रभातच्या काळातले, पन्नाशीतले सिनेमे कापले तर कोण ओरडणार? त्या काळच्या छायालेखकांना उभी चौकट पुरेपूर वापरायची सवय होती. 'संत तुकाराम' (१९३६) मधलं वैकुंठगमन घ्या. खाली माणसं, वर आभाळात झेपावणारा गरुड. हे दृश्य रचलंच आहे खालून वर बघायला. वरून आठवा भाग आणि खालून आठवा भाग काढला तर माणसं आणि आभाळ दोन्हीकडून मार.

शर्वरी_एनजे | सोमवार, ०६:०५

इकडेही तेच झालं. 'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेचे जुने भाग ४:३ चे. २०१९ मध्ये डिस्नी प्लसवर ते १६:९ मध्ये कापून टाकले. बिअर कारखान्यातला एक विनोद आहे, तीन प्रकारच्या बिअर आणि वर पाहिलं तर तिन्ही नळ्या एकाच नळीतून येतायत. वरची नळीच कापली गेली, विनोद मेला. लोकांनी इतका आरडाओरडा केला की २०२० मध्ये मूळ मापाचा पर्याय द्यावा लागला. 'साइनफेल्ड' नेटफ्लिक्सवर आली तेव्हा रस्त्यातल्या खड्ड्यावरच्या भागात खड्डाच चौकटीबाहेर गेला.

तेव्हा आजीच्या नातीने आणि बाकीच्यांनीही त्या वाहिन्यांना लिहावं. इथे लिहून त्यांना कळणार नाही.

मनमौजी_नाशिक | सोमवार, ०८:३०

वाचतोय, मजा येतेय. आता जरा व्यावहारिक. आमच्याकडे काही वाहिन्यांवर सिनेमाच्या चारी बाजूंनी काळं येतं. मधे टपाल तिकिटाएवढं चित्र. तिथे काय करायचं? आणि पट्ट्यांनी टीव्ही खराब होतो असं शेजारचे सांगतात, ते खरं का?

पिक्सेलपंत | सोमवार, १०:१०

चारी बाजूंचं काळं हा एकमेव प्रसंग, जिथे बाबा निर्दोष आहेत. वाहिनी ४:३ च्या चौकटीत आधीच वर-खाली पट्ट्या घालून सिनेमा पाठवते. तुमचा बॉक्स ती अख्खी चौकट १६:९ च्या मधोमध ठेवतो आणि बाजूच्या पट्ट्या घालतो. इथे टीव्हीचं झूम वापरा. जे कापलं जातं ते काळंच असतं. फक्त त्या वाहिनीवरून उठताना परत 'ओरिजिनल'वर आणा, नाहीतर पुढच्या सिनेमाला फटका.

बाकी सेटिंग दोन ठिकाणी असतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सेट-टॉप बॉक्समध्ये टीव्हीचा प्रकार १६:९ निवडलेला हवा. तिथे जुना ४:३ राहिला असेल तर टीव्हीवर काहीही करा, आकार बिघडलेलाच येणार. टीव्हीत 'ओरिजिनल', 'ऑटो', 'जस्ट स्कॅन' यांपैकी जे नाव असेल ते. 'जस्ट स्कॅन' नसेल तर कित्येक टीव्ही कडेचं थोडं चित्र तसंही गिळतात. जुन्या काचेच्या नळीला कडा नीट दाखवता येत नसत, म्हणून चित्र थोडं बाहेर पसरवत. नळी गेली, सवय राहिली.

तुमचा टीव्ही एलईडी असेल तर पट्ट्यांनी काही होत नाही. ओलेड प्रकारच्या टीव्हीवर वर्षानुवर्षं रोज तासन्‌तास एकाच मापाचं चित्र चालवलं तर मधला भाग जास्त झिजू शकतो. त्यात वाहिनीचा कोपऱ्यातला लोगो पट्ट्यांपेक्षा जास्त त्रासदायक.

मीनल_के | सोमवार, १०:४०

आणखी एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे मल्याळम सिनेमे खूप बघतात, सबटायटल लावून. काही ॲपमध्ये सबटायटल खालच्या काळ्या पट्टीत येतात. झूम केलं की ती ओळच गायब. सासऱ्यांनी अर्धा सिनेमा तसा बघितला आणि म्हणाले, "अभिनय चांगला आहे, पण गोष्ट कळली नाही."

तिरकस | सोमवार, १२:१५

हाहाहा. मल्याळम सिनेमाची हीच तर खासियत, गोष्ट न कळताही आवडतो.

अवांतर: काही सिनेमांत पट्ट्या मधेच नाहीशा होतात आणि परत येतात. आमच्याकडे वडिलांनी त्यापायी टीव्हीवाल्याला बोलावलं होतं.

शर्वरी_एनजे | सोमवार, १८:२०

तो आयमॅक्सचा प्रकार. 'द डार्क नाइट' (२००८) मध्ये काही प्रसंग आयमॅक्स कॅमेऱ्याने घेतलेत, त्याची चौकट जास्त उंच. ब्लू-रेवर ते प्रसंग आले की १६:९ पूर्ण भरतो, बाकी वेळ पट्ट्या. वेस अँडरसनने 'द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल' (२०१४) मध्ये तर तीन काळांना तीन मापं दिलीत. १९३० च्या दशकाची गोष्ट १.३७ मध्ये, त्या काळच्या सिनेमासारखी. हा सिनेमा झूम करून बघणाऱ्याला शिक्षा असायला हवी.

मालिकांचं मात्र हल्ली २:१ कडे झुकलंय. व्हिट्टोरिओ स्टोरारो या इटालियन छायालेखकाने १९९८ मध्येच सुचवलं होतं की सिनेमा आणि टीव्ही दोघांनी हे एकच माप घ्यावं. 'हाउस ऑफ कार्ड्स' २:१ मध्ये आली आणि मग बऱ्याच जणांनी उचललं. पट्ट्या येतात पण इतक्या बारीक की कुणाच्या बाबांना खुपत नाहीत.

कट्ट्यावरचा_बंड्या | सोमवार, २१:०५

चला, आता माझा प्रश्न. हॉलमध्ये प्रोजेक्टर लावायचा विचार आहे. पडदा १६:९ चा १०० इंची घेऊ की तो सिनेमावाला लांबडा? दुकानदार लांबड्याची फार तारीफ करतोय. तुम्हा लोकांचं वाचून मलाही तोच घ्यावासा वाटायला लागलाय.

पिक्सेलपंत | सोमवार, २१:३०

१६:९ चा १०० इंची म्हणजे ८७ इंच रुंद, ४९ उंच. लांबड्यात रुंदी तीच ८७ ठेवली तर उंची ३७ वर येते. म्हणजे सिनेमा तेवढाच दिसणार आणि क्रिकेट लहान. त्यात काही फायदा नाही. लांबड्याचा खरा उपयोग उंची ४९ च ठेवून रुंदी वाढवली तर. मग रुंदी लागते ११५ इंच, म्हणजे साडेनऊ फूट. शिवाय प्रत्येक वेळी झूम आणि फोकस बदलायला लागतो, नाहीतर ते लक्षात ठेवणारा महाग प्रोजेक्टर घ्यावा लागतो.

तुमची भिंत किती रुंद आहे?

कट्ट्यावरचा_बंड्या | सोमवार, २१:३८

दहा फूट. पण त्यात एक दार आहे.

रीळवाला | मंगळवार, ०६:५०

मग १६:९ च घ्या. आणि पट्ट्या खुपल्या तर वर-खाली काळं जाड कापड लावा, दोरीने सरकवता येईल असं. पडद्याच्या प्रकाशात राखाडी दिसणारी पट्टी कापडामागे गेली की चित्र उठून येतं. साधा काळा वेल्वेट चालेल, चमकणारा नको.

मनमौजी_नाशिक | मंगळवार, ०८:१०

काका, हे कापड टीव्हीला लावलं तर चालतं का? बाबा विचारतायत.

रीळवाला | मंगळवार, ०८:२५

टीव्हीला नको. बऱ्याच टीव्हींची गरम हवा मागून आणि वरून जाते, ती जागा झाकली जाईल.